अडतीस ओळी

कार्ड कालव्याच्या गाळातून निघालं, नखाएवढं.
तीन दिवस मी ते तांदळाच्या बरणीत पुरून ठेवलं.
विमान शेडमध्ये, ओल्या वर्तमानपत्रावर,
आणि बाबा तिकडे फिरकत नव्हता.
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस,
अख्खा हिवाळा बाल्सा घासून केलेलं ग्लायडर,
पोटाशी विटकरी रंग,
मार्चमध्ये आमच्या फ्रिसलंडच्या कुरणांत
उतरणाऱ्या त्या लांबचोच्या पक्ष्याचा.

सगळ्यांकडे आपापला गुन्हेगार तयार होता.
सिब्रेन म्हणाला, बॅटरी.
त्याचं सगळं बॅटरीपाशीच येऊन थांबतं.
हिलेने चर्चमागच्या नव्या टॉवरकडे हनुवटी उडवली.
पवनचक्क्या, म्हणाला पोस्टमन,
ज्याने आयुष्यात पतंगही उडवला नाही.
बाबा एवढंच म्हणाला,
हात राहिले नाहीत आता.

मी डेअरीत सत्तावीस वर्षं आकडे तपासले.
कोणत्या गोठ्यातलं दूध पाण्याने वाढलंय
हे मला बेरीज न करता कळतं.
फाइल उघडली.
दर अर्ध्या सेकंदाला एक ओळ,
बावीस मिनिटांच्या दोन हजार सहाशे चाळीस.
वेळ, उंची, व्होल्ट, सिग्नल,
आणि शेवटच्या रकान्यांत बाबाचे दोन अंगठे.

बॅटरी निर्दोष, शेवटपर्यंत.
टॉवरही सुटला: त्याच्या डोक्यावर सात फेऱ्या,
सिग्नल ऐंशीच्या खाली नाही.
पण मध्येच कुठेतरी खड्डा.
एकसष्ट. अठ्ठेचाळीस. पुन्हा ब्याऐंशी.
आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी
वाऱ्याने विमानाला हिसका दिलेला,
उंची पाच-सात मीटर घसरलेली.
घसरण आधी, खड्डा मागून.
असं कसं? सिग्नल गेला की विमान घसरतं.
इथे विमान घसरलं की सिग्नल जातो.

दोन वाजून सात मिनिटं तेहतीस सेकंद. सिग्नल शून्य.
त्यापुढे उंची छप्पन्न मीटर.
छप्पन्न. छप्पन्न. छप्पन्न.
ट्रान्समीटरला शेवटचं जे कळलं
तेच तो घोकत बसतो.
विमान केव्हाच लव्हाळ्यात घुसलेलं,
तक्त्यात अजून छप्पन्न मीटरवर,
आणि अंगठा मागे, पूर्ण मागे, सोडला, पुन्हा मागे,
अडतीस ओळी.

ते मी त्याला दाखवलं नाही.

रविवारी योरित जुन्या विमानाचा रिसीव्हर घेऊन
कुरणात चालत गेला, गाईंच्या पलीकडे.
ट्रान्समीटरची ताकद आम्ही मुद्दाम उतरवली होती.
मी आकडे वाचत होते. त्र्याऐंशी. ब्याऐंशी.
बाबा, आता घाबर, म्हणाले.
म्हणजे काय?
म्हणजे ते पडतंय असं समज.
जरा वेळ तो तसाच उभा राहिला.
मग ट्रान्समीटर दोन्ही हातांनी पुढे केला,
अँटेनाचं टोक थेट पोराच्या छातीवर,
जणू आता त्यातून हात निघेल आणि धरेल.

चव्वेचाळीस.

मी त्याचं मनगट वळवलं. अँटेना आडवा. ब्याऐंशी.

हे त्याला ठाऊक होतं.
त्यानेच शिकवलं होतं मला, आईची विणायची सुई घेऊन:
टोकासमोर उभी राहिलीस तर
तुला सुई दिसणारच नाही, ठिपका दिसेल.
आडवी धरली की सगळी दिसते.
जुन्या सेटची दांडी हातभर लांब,
कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून वरच धरायचा तो.
ही बोटाएवढी. बोट आपण दाखवतोच.

योरित लांबून ओरडत होता,
येऊ का आता? येऊ का?
कोणी उत्तर दिलं नाही म्हणून एक गाय घेऊन आला.

परतताना बाबाने विचारलं,
पडल्यानंतरच्या किती ओळी आहेत?
म्हणजे त्याने फाइल उघडली होती तर.
अडतीस, मी म्हणाले. एकोणीस सेकंद.
तो वाकून फाटकाची कडी लावत राहिला,
ती लागत नव्हती.
मला जास्त वाटलं होतं, म्हणाला.