शांत जागा भाड्याने मिळेल

फुझेताच्या बंदरामागे माझं दुकान.
काचेवर सोळा घरांचे फोटो, उन्हानं पिवळे पडलेले.
मी ग्रासिएत. बावीस वर्षं
निवृत्त माणसांना घरं दाखवतेय.

ते उत्तरेकडून येतात, बहुतेक फेब्रुवारीत,
कोट हातावर, नाकाचा शेंडा तेवढा लाल.
गच्चीवर नेलं की आधी समुद्राबद्दल बोलतात.
मग बायको जिना मोजते, ओठ न हलवता.
मग नवरा विचारतो, फारोचं हॉस्पिटल इथून किती लांब,
जणू शेजाऱ्याच्या वतीनं विचारतोय.
चौथी गोष्ट कुणी विचारत नाही,
म्हणून परतताना मी गाडी कब्रस्तानावरून नेते.
भिंत पांढरी आहे, सरूची झाडं आहेत.
आवडते त्यांना. गप्प बघतात.

वडील याला लबाडी म्हणतात.
त्यांनी चाळीस वर्षं मिठागरात फावडं ओढलं,
टाचांच्या भेगांत अजून मीठ सापडेल.
निवृत्त झाले त्या दिवशी
खुर्ची उचलली, समुद्राकडे पाठ करून ठेवली.
"त्याला बघून झालं," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात प्रेबेन स्कोव आला, एस्बर्गहून, एकटा.
फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये एकोणचाळीस वर्षं.
मी त्याला माझ्याकडची सगळ्यात महाग शांतता दाखवली:
बदामाच्या बागेतलं घर, फुलं नुकती आलेली,
शेजार नाही, कुत्रं नाही,
इतकं निवांत
की भिंतीवर पाल चालली तर पाऊल ऐकू यावं.
तो पलंगाच्या कडेला बसला. पाच मिनिटं.
मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला,
"इथं मी मरून जाईन."
मला वाटलं, कौतुक. मी किल्ली पुढे केली.

कौतुक नव्हतं.
इंजिन थांबलं की त्याला जाग येते.
थांबलं म्हणजे काहीतरी बिघडलं,
एवढंच त्याच्या हाडांना ठाऊक;
तीन वर्षं रोज रात्री
तो अंधारात उठून बसतोय, बिघाड शोधत.
इंगर होती तोवर घोरायची, तो म्हणाला.
मी किल्ली परत खिशात टाकली.

बर्फाच्या कारखान्यावरची खोली
मी काचेवर कधी लावलीच नव्हती. कोण घेणार?
खाली कॉम्प्रेसर धडधडतो,
पहाटे साडेतीनला बर्फाच्या लाद्या होड्यांत आदळतात,
कोळी एकमेकांच्या आयांचा उद्धार करतात,
आणि रिकाम्या कपात चमचा आपोआप वाजत राहतो.
प्रेबेननं भिंतीला तळहात लावला,
बसलेल्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.
"एक पट्टा ढिला आहे," म्हणाला. "पण चालेल."
भाडं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी खिडकी बंद.
वडील म्हणाले, बघून येतो, गेला की काय.
दार उघडलं ते
गालावर उशीची वळी उमटलेल्या माणसानं.
वडील तिथंच थांबले, जेवायच्या वेळेपर्यंत.

आता दुपारी दोघं कारखान्याच्या ओट्यावर असतात.
याला पोर्तुगीज येत नाही, त्यांना डॅनिश,
आणि त्या धडधडीत तसंही काही ऐकू येत नाही,
त्यामुळे अडत नाही.
ढिला पट्टा प्रेबेननं बदलला, मालकाला न विचारता.
वडील घरून खुर्ची घेऊन गेले.
तिचं तोंड आता कारखान्याकडे असतं.

हल्ली नवी माणसं आली की मी आधी विचारते,
तुम्हाला झोप कशानं लागते?
काहींना राग येतो.
एक डच जोडपं एकमेकांकडे बघतच राहिलं,
आणि घर न बघता निघून गेलं, हातात हात घेऊन.

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.
सोळा घरांच्या किल्ल्यांचा जुडगा
उशाशी ठेवते,
कुशीवर वळताना हात लागतो
आणि वाजतो.