जॉब

आमच्या उद्यमनगरात जॉब म्हणजे
चकात आवळलेला लोखंडाचा तुकडा.
"जॉब लावला का?" "लावला."
"हलतोय." "ठोक जरा, मग आवळ."
तहसीन डेटनहून म्हणते, अब्बा, जॉब लागला नाही अजून,
आणि मला आधी चकच दिसतो,
रिकामा, फिरणारा.

नव्वद दिवस असतात म्हणे.
पदवी हातात पडली की तिकडचं सरकार
एक वर्ष देतं, काम शिकायला,
आणि त्या वर्षाच्या पोटात नव्वद दिवस बेकारीचे.
शनिवार-रविवार धरून. ईद धरून.
मी शेडच्या पत्र्यावर खडूनं रेघा मारतो,
चार उभ्या, पाचवी आडवी.
इन्सर्टच्या डब्यांचा हिशेबही त्याच पत्र्यावर आहे,
कधी कधी डबे आणि दिवस
एकमेकांत मिसळतात.

मोल्डिंगवाले चौगुले विचारत होते,
शिक्षण संपलं, मग शिकायला परत परवानगी कसली?
म्हटलं, उमेदवारी हो.
तेव्हा कुठं त्यांना कळलं.
मीही केली होती.
आमचं घराणं शिकलगारांचं, आजा पायानं चाक फिरवून
विळ्या-कात्र्यांना धार लावायचा,
घरातला पहिला लेथवर गेलो तो मी.
पहिलं वर्ष झाडू आणि चुरा.
बोटात घुसलेली कीस आई रात्री सुईनं काढायची.
दुसऱ्या वर्षी फाईल. तिसऱ्या वर्षी मशीनला हात.
पगार? चहा होता.
पण बापू मिस्त्रींनी माझे दिवस कधी मोजले नाहीत.
मोजले असतील, तर मला दाखवले नाहीत.

हॉटेलात भांडी घासून चालत नाही तिला,
शिकली त्यातलंच काम पाहिजे.
न्यू जर्सीत कुणी एक आहे,
पैसे घेतो आणि कागदावर कामाला लावतो.
काम नाही, नुसता कागद. दिवस थांबतात.
माझ्या तोंडून निघून गेलं, घे की मग.
बँकेचा हप्ता पाच तारखेला असतो
आणि तारण हेच दोन लेथ.
फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, इकडचा.
मग म्हणाली,
अब्बा, बुशचा लॉट आठवतो?

आठवतो.
पंपवाल्यांचे चारशे बुश, टेम्पो दारात,
मी न मोजताच रिपोर्टवर सही ठोकलेली.
आणि ही दहा वर्षांची, शाळेच्या ड्रेसवर,
खेळायला म्हणून गेज घेऊन बसली.
"अब्बा, जी बाजू आत जायची नाही
ती पण जातीया."
टेम्पो रिकामा गेला त्या दिवशी.
मी तिच्यावर हात उगारला होता.
तेही आठवत असणार तिला. ते नाही बोलली.

पत्र्यावर एकाहत्तर रेघा झाल्या तेव्हा
विद्यापीठातल्याच एका लॅबमध्ये काम मिळालं.
आठवड्याला वीस तास, बिनपगारी.
बिनपगारी चालतं सध्या, म्हणाली, दिवस थांबले.
पुढच्या दोन वर्षांची मुदतवाढ हवी असेल
तर मात्र पगाराचं लागेल.
आणि भाडं?
बघू, म्हणाली.
'बघू' हा शब्द तिनं माझ्याकडनंच उचललाय.

रेघ मारली नाही त्या दिवशी.
खडू खिशातच राहिला, शर्ट धुतल्यावर कळलं.

संध्याकाळी कागलचा इंद्रजित
लेथखालचा चुरा ओढत होता,
कुरळी, निळी पडलेली कीस,
फावड्यावर घेताना हात जपून.
सहज विचारलं, किती दिवस झाले रे तुला इथं?
वाटलं, आठवायला थांबेल.
"त्रेचाळीस," म्हणाला,
झाडू न थांबवता.
"रविवार धरून?"
"धरून."

मी गल्ल्याकडं गेलो.
त्याची चावी जरा अडकते.