कठडा

मोशेच्या नियमांत एक नियम गच्चीचाही आहे.
रविवारच्या शाळेत तो कुणी पाठ करून घेतला नाही,
पेढा दहा आज्ञांवरच मिळायचा.
घर नवं बांधलंस तर वर कठडा हवा,
नाहीतर पडणाऱ्याचा हिशेब
घराकडे मागितला जाईल.

मी तो चाळिशीत वाचला, झोन कार्यालयात,
कूलरमधलं पाणी संपलेलं, फाइलींवर वाळ्याची कुसं.
आणि हसलो. अरे, ही तर आमचीच नियमावली,
फक्त शुल्काचा तक्ता नाही.

आता सियोन सभागृहाची फाइल समोर आहे.
कडबी चौकामागचं. आमच्याच मंडळीचं.
पाच वर्षांची दानं,
शांताबाई रणभिसेंनी मोडलेल्या पाटल्या,
आणि दर्शनी भिंतीवर निळ्या दिव्यांचा क्रूस,
कामठी रोडवरून दिसेल असा.
क्रूसापाशी पैसे संपले.
कठडा दोन विटांवर थांबला.

मार्चमध्ये मी पाहणीला गेलो होतो.
त्यांनी संत्र्याचा रस दिला, बर्फ घालून.
त्या दोन विटा मी पाहिल्या.
म्हणालो, हे मागाहून करून घ्या.
'मागाहून' हा शब्द
कुठल्याच नियमावलीत नाही.

मे महिन्यात इथे खाली झोपवत नाही.
बिलासपूरकडून आलेलं दुकालूचं कुटुंब
गच्चीवर पाणी शिंपडून झोपायचं.
पोट्टा सहा वर्षांचा.
लघवीला उठला असेल,
किंवा निळ्या दिव्यांभोवतीचे किडे बघायला.
मेयोत तो दोन रात्री होता.

कमिटीत वडील नथानिएल शिंगणे म्हणाले,
दुपारे भाऊ, एकोणीसला उद्घाटन, बिशप यायचेत,
काहून अडवता?
आपण काही आता नियमाखाली नाही,
कृपेखाली आहोत.
मी म्हणालो, पोट्टा नऊ मीटर खाली होता.

मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.
कुणी म्हणालं, वर झोपायची परवानगी नव्हती.
कुणी म्हणालं, माणूस ठेकेदाराचा, आपला नव्हे.
ठेकेदार म्हणाला, नोंदणीच नाही,
म्हणजे माझाही नव्हे.
मला तो जुना नियम आठवत होता.
पडणारा पाहुणा की चोर,
गावचा की परमुलखातला, प्यालेला की शुद्धीत,
काहीच विचारत नाही तो.
म्हणतो, कुणी.
एवढा रुंद शब्द,
आणि आम्ही त्यात मजूर क्रमांक शोधत होतो.

शेवटी प्रार्थना झाली, पाकीट फिरलं,
कठडा वाढवायचं ठरलं.
वाढवायला जो आला
तो दुकालूच होता.
मिस्त्री लग्नाला गेलेला,
आणि आठवड्याची रोजी आधीच बुडालेली.
मी टेप घेऊन उभा.
कतका, साहेब? त्यानं विचारलं.
मीटरभर.
टेप त्यानं घेतली नाही.
आधी स्वतःच्या छातीला हात लावला,
मग कमरेच्या जरा वर,
तिथे हवेतच
हात थोडा वेळ थांबला,
कुणाच्या तरी डोक्यावर असल्यासारखा.
मग त्यानं ओळंबा सोडला.

मला त्याच्याशी काही बोलायचं होतं.
शास्त्रातलं नको होतं,
नियमावलीतलं तर नकोच.
मी विटा ओल्या करून देत राहिलो.
एवढंच जमलं.

रकाना चौदा: बांधकामकाळातील अपघात.
कारकुनानं आधीच टाइप करून ठेवलंय, निरंक.
मी ते खोडलं.
वर लिहिलं: टिकेश दुकालू निषाद, वय सहा.
आणि पाहणी अधिकाऱ्याच्या रकान्यात माझं नाव,
तारीख मार्चची,
पुढे: दोन विटा पाहिल्या.

शाई ओली आहे.
फोन वाजतोय, बहुतेक शिंगणेंचा.
कूलरमध्ये पाणी भरायला
शिपाई अजून आलेला नाही.