कोरम

एकोणीस वर्षं मी ग्रामसभा
कापडी पिशवीत घालून दारोदार नेली.
रजिस्टर, निळं स्टॅम्पपॅड, दोऱ्याला बांधलेला पेन.
"करा बरं सही इथं."
कुणी भाकरी थापता थापता, पिठाच्या बोटांनी,
कुणी म्हशीखालून उठून,
कुणी न उठताच.
काय ठरलं, कुणी विचारलं नाही.
बोरवंडीत विचारणं म्हणजे
पाहुण्याला चहा न पाजता वाटंला लावणं.

शंभर भरले की कोरम.
नाही भरले तर भाऊसाहेब
पेनाच्या टोपणानं कान कोरत म्हणायचे,
"लिंबाजी, बघ की काहीतरी."
मी बघायचो.
चाकणच्या कंपनीत गेलेली पोरं
माझ्या डाव्या हातानं सह्या करायची.
माझी माय, गिरजाबाई,
जाऊन तीन वर्षं झाली,
त्यानंतर अकरा सभांना हजर होती.
अंगठा माझाच.
म्हणलं, मायलेकरांचं रक्त एक,
रेघा काय वेगळ्या असतील.

औंदा पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी
जैबुनबीच्या दारात गेलो.
ती मशीनवर, ओठांत टाचण्या.
म्हणलं, आपा, सही.
तिनं हात पुढं केला, पेनासाठी नाही,
रजिस्टरसाठी.
"वाचायचं नसतं हो, नुस्ती सही असते."
तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली,
चष्मा लावला.
ठराव क्रमांक सात:
मशिदीच्या कोपऱ्यापासून शाळेपर्यंत
बंदिस्त नाली, दोनशे दहा मीटर, काम पूर्ण,
बिल अदा करण्यास सर्वानुमते मंजुरी.

"सर्वानुमते में मैं भी?"
"हौ."
तिनं गळ्यातला टेप काढला.

भर दुपारचं ऊन. साठ इंची टेप,
ज्यानं गावातल्या समद्या बायांची मापं घेतली
अन् एकीचं दुसरीला सांगितलं नाही.
एकटीला धरता येईना.
इकडं दाबला की तिकडचं टोक वाऱ्यावर.
तिनं मला बोलावलं नाही,
बघितलंसुद्धा नाही.
टोक नुस्तं उडत राहिलं.
आबारावाच्या पानटपरीवरून
दोघं जण आमच्याकडं बघायलेले.

मी पिशवी खाली ठेवली.

पंचावन्न टेपा, वर एका बाहीइतकं.
तिथं नाली संपली.
पुढं पाणी आपल्या मनानं
शाळेच्या फाटकाकडं.
शिवणाच्या खडूनं तिनं झाकणावर हिशोब मांडला:
कागदावर एकशे अडतीस.
"इतना कपडा मैं खाई तो
गिऱ्हाईक चपलेनं मारेल, लिंबाजी."

सांजंला आबाराव घरी आला.
बाजंवर बसून चहा घेतला, बशीत ओतून, दोनदा.
पोराच्या घरकुलाची फाईल कुठवर आली,
लई मायेनं विचारलं.
नालीचं नावसुद्धा नाही.
रातभर मला ती बशी दिसायली.

ऑक्टोबरची सभा मारुतीच्या पारावर.
जैबुनबीच्या अर्जावर जिंतूरहून
विस्तार अधिकारी आलते.
गाव आलं. खोटं कशाला बोलू,
निम्मे भांडण बघायला आले.
पण बुडं टेकून बसले,
अन् मोजले तर एकशे साठ.
भाऊसाहेबांनी खुर्च्या मागवल्या,
पंचायतीत खुर्च्या होत्या नऊ.

साहेबांनी मागची हजेरी मोठ्यानं वाचायला घेतली.
नाव आलं की माणसानं हात करायचा.
चाकणच्या नावांना हात नाही.
सोयगावला नांदायला गेलेल्या पोरीला हात नाही.
जो तो भाऊसाहेबांकडं बघायला,
भाऊसाहेब माझ्याकडं.

"गिरजाबाई देवबा घोंगडे."

पारावरचं एक कुत्रं उठून दुसरीकडं जाऊन बसलं.
"गिरजाबाई?"
साहेबांनी पुन्हा विचारलं.

मी उठलो.
म्हणलं, गैरहजर, साहेब.
पहिल्यापासून.
अन् मुठीतला अंगठा बाहेर काढला.
शाई कवाच धुतलेली,
तरी दाखवला.