ओतकाम

सुगीच्या सणाचा लिलाव संपला.
लाल भोपळा सातशेला गेला, कोंबडा बाराशेला,
गुळाच्या ढेपेवर कुणी बोलेना
म्हणून पाळकसाहेबांनी ती स्वतःच घेतली
आणि जाता जाता सकाळचं वाक्य पुन्हा सांगितलं:
तिसऱ्या चाकरानं जमिनीत खड्डा खणला.

मी खजिनदार. मांडीवर वही.
खड्डा म्हटलं की माझी मान खाली जाते,
कारण मंडळीचे अकरा लाख नऊ वर्षं
मुदत ठेवीत झोपलेत.
धनी म्हणाला होता ना, निदान सावकाराकडे तरी ठेवायचे,
मग आपण तिसऱ्यापेक्षा बरे,
असं कमिटीत दरवर्षी कुणीतरी म्हणतं
आणि चहा येतो.

शद्रक आवळ्यांना घरी सोडायचं माझ्याकडे असतं.
वय एकोणऐंशी. स्कूटरवर मागे बसले की
एक हात माझ्या खांद्यावर,
दुसऱ्यात लिलावातला नारळ.
बापानं नाव ठेवलं आगीत न जळलेल्या माणसाचं
आणि नोकरी लागली उद्यमनगरात, भट्टीपाशी.
"नावाला जागलो न्हाई," म्हणतात
आणि मनगट दाखवतात.

रविवार असून भट्ट्या चालू होत्या, इथली सुट्टी सोमवारी.
"थांब शलोमे," म्हणाले.
दारातून काळी वाळू दिसत होती, लोखंडी चौकटी,
एक पोरगा गुडघ्यांवर बसून
लाकडी नमुना वाळूत दाबत होता,
ठोकत होता, पुरत होता.

"बघ. ह्यो बी पुरतोय.
मी सत्तेचाळीस वर्सं पुरत आलो.
पुरण्यात पाप आसतं तर माझं काय झालं आसतं?
पुरायचा, आन् मग उचलायचा.
उचलला की वाळूत त्याच्या अंगाची पोकळी ऱ्हाती.
त्या पोकळीत वतायचं.
त्या चाकरानं खड्डा बरोबर खणला गं.
वतायचं ऱ्हायलं."

मी म्हणाले, पण मामा, तो भ्यायला होता.
धनी कडक, न पेरता कापणारा.

"व्हय. म्हणूनच सांगतो.
भ्यालं की हात हळू पडतो.
हळू वतलं की रस मधीच गार हुतो,
दोन्ही अंगानं येतो, भेटतो, पर जीव जुळत न्हाई.
सांधा ऱ्हातो.
वरनं घासून रंग मारला तर कुणाला कळत बी न्हाई.
पंप शेतावर जातो
आन् भर उन्हाळ्यात त्याच रेघंवर फुटतो."

मग मी विचारलं बाहेरच्या अंधाराचं,
रडण्याचं, दात खाण्याचं.
बराच वेळ बोलले नाहीत. नारळ कानाशी हलवून पाहिला.
भिंतीलगत फुटक्या ओतिवांचा ढीग होता.
"ह्यो बाहेरच आसतोय, पावसात, गंजत.
रात्री बघितला तर टाकून दिल्यावानी वाटतो.
सकाळी भट्टीत पयला त्योच जातो."
आणि लगेच, घाबरून:
"पाळकास्नी सांगू नगंस.
शास्तरात तसं न्हाई."

घरी पायरीवर त्यांनी नारळ फोडला, चारशे रुपयांचा.
शेजारची पोरं जमली.
वाटता वाटता त्यांच्या हाती करवंटी उरली,
माझ्या वहीत पावतीची शाई ओली होती अजून.

रात्री ठरावाचा मसुदा लिहायला बसले.
मुदत नोव्हेंबरात संपते.
चार मुलींची नर्सिंगची फी एकीकडे,
दुसरीकडे आठ वर्षांचं तयार वाक्य,
मागचं पान उलटून फक्त उतरवायचं.
'सुचविण्यात येते की'
इथे पेन थांबलं.
चपलेच्या पट्ट्यातून थोडी काळी वाळू
फरशीवर सांडली होती.
थांबलं तसं गार व्हायला लागलं.

पुढचा शब्द मी
वाकड्या अक्षरात, शुद्धलेखन न पाहता
एका दमात ओतला.