डावं-उजवं

मार्केट यार्डात, वजनकाट्याच्या कडेला,
सांडलेल्या हळदीवरून पाय सटकला
आणि उजवं मनगट गेलं.
डॉक्टर मगदूम म्हणाले, सहा आठवडे.
हमाल म्हणाले, शेठ, वरून हळदच लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं
की आमच्या फाटकाला कडी आहे.
म्हणजे होतीच, एकोणतीस वर्षं होती,
पण ती आधी जरा उचलावी लागते, मग सरकते,
हे उजव्या हाताला ठाऊक होतं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रश गालावर आदळला.
शर्टाचं तिसरं बटण काजात जाईना,
तेव्हा मी त्याच्याशी बोलायला लागलो,
दाव्याला हिसके देणाऱ्या वासराशी बोलतात तसा.
बशी ओठांपर्यंत आणताना पहिल्यांदा दिसलं,
चहा केवढा हिंदकळतो,
आणि रोज दोनदा आपण
केवढी कसरत करून तो पितो.

बँकेनं सही नाकारली.
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ही तुमची नाही.
खरंच माझी नव्हती.
'आ'चा काना वाकलेला, 'टी'ची वेलांटी
शेजारच्या अक्षरावर जाऊन पडलेली.
पहिलीतल्या पोराची असावी अशी.
मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला,
का ते सांगता येणार नाही.

स्कूटर बंद. गावभागातून चालत निघायचो,
गणपती पेठेत मिरचीच्या पोत्यांपाशी शिंकत.
एका भिंतीवर पुराची रेघ दिसली,
माझ्या खांद्याच्याही वर.
तिच्यावरून कुणीतरी दोनदा रंग फिरवलाय
आणि दोन्ही वेळा ती वर आलीय.
एवढी वर्षं मी तिच्या खालून
हॉर्न वाजवत जात होतो.

दुकानात चोपडी इरफान लिहायचा.
मी नुसता बसून हळकुंडं मोडायचो,
टेबलाच्या कडेवर दाबून, डाव्यानं.
टक्क वाजलं तर माल वाळलेला,
हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो.
ऐकलं मात्र तेव्हा.

चौथ्या आठवड्यात, एका रात्री,
मालन भाकरी थापत होती. थापत होती उजव्यानं.
तव्यावरची उलटायची वेळ आली
तेव्हा डावा हात पुढं आला,
पटकन, चोरट्यासारखा,
आणि लगेच पदराआड गेला.

"तू डावरी आहेस?"
"होते. तिसरीपर्यंत."
कवठेमहांकाळला, मामांकडं,
नैवेद्याच्या ताटाला हा हात लागला म्हणून
परकराच्या नाडीनं पाठीमागं बांधून
जेवायला बसवायचे, महिनाभर.
तिनं भाकरी फुगायची वाट पाहिली.
"मग झाले उजवी."

एकोणतीस वर्षं.
पोतं न उघडता मी मालाची प्रत सांगतो.
यार्डात म्हणतात, आवटींना
डावं-उजवं बरोबर कळतं.

त्या रात्रीपासून तीच मास्तर झाली.
किल्ली मुठीत नको, चिमटीत धरा.
पळी आपल्याकडं नाही, बाहेर वळवा.
लिहिताना कागद तिरका करा, मान कशाला तिरकी करताय?
शिकवताना ती भराभर बोलायची,
आणि मधेच हसायची,
ज्या गोष्टीवर हसली ती मला न सांगता.

काल प्लास्टर कापलं.
आतून निघाला तो हात दुसऱ्या कुणाचा तरी होता,
बारीक, फिकट, नखांत हळद नसलेला.
घरी आलो. फाटक उघडलं, चपला काढल्या,
आणि खाटेवर टेकल्यावर ध्यानात आलं
की कडी कोणत्या हातानं काढली
ते मी पाहिलंच नाही.

आत आमटीच्या पातेल्यात पळी वाजली.
मी उठून स्वयंपाकघराच्या दारात
जाऊन उभा राहिलो, बघायला.