पांढऱ्यावर पांढरं

कुरेसारे, सारेमा बेट. डिसेंबर.
साडेआठ वाजले तरी उजाडायचं नाव नाही.
उर्वे कोट न काढताच
संग्रहालयाच्या सर्व्हरच्या रात्रीच्या नोंदी वाचते.

तीन बाराला कुणीतरी आलं होतं.
तीन बारा ते तीन एकोणीस, एक्केचाळीस हजार वेळा.
एकेका पानाला हात लावत गेलं:
चर्चमधल्या जन्मनोंदी, हेरिंगच्या जाळ्यांचे हिशेब,
वादळातून न परतलेल्यांची यादी.
आधी म्हणालं, मी शोधयंत्र. मग म्हणालं, मी कुणाचातरी फोन.
मग नाव सांगणंच सोडून दिलं.

दारावर तिनेच लावलेली पाटी होती:
'कृपया इथून पुढे येऊ नये.'
माणसांना दिसत नाही ती, यंत्रांसाठीच लिहिलेली.
कडी नाही, कुलूप नाही,
नुसती विनंती.
दहा वर्षं चाललं तेवढ्यावर,
बेटावर सायकलींना कुठे कुणी साखळी लावतं?

अकराला हेल्डुर आला.
तीस वर्षं फेरीबोटीची इंजिनं सांभाळलेला माणूस,
फोन दोन्ही हातांत धरून,
जखमी पाखरू धरावं तसा.
नातवाने त्यात एक मदतनीस बसवून दिलाय.
'मी एवढंच म्हटलं गं,
शुक्रवारचं तिकीट काढ. हाप्सालूला, बहिणीकडे जायचंय.'

तिकीट काढलं त्याने.
दोन चाळीसची बोट, ज्येष्ठांची सवलत लावून, अगदी चोख.
आणि वाटेत कुठल्याशा पानावर
पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याला भेटलं:
धन्याची पत्रं या पत्त्यावर पाठव.
मग हातातलं काम पुरं कर.
धन्याला सांगू नकोस.

पाठवली.
काम पुरं केलं.
सांगितलं नाही.

सांगकाम्या.
चोर म्हणावं तर एक पैसा ठेवला नाही स्वतःला,
फितूर म्हणावं तर कुणाशी वैर नाही.
धन्याचा शब्द आणि भिंतीवर खरडलेला शब्द
त्याला एकाच आवाजात ऐकू येतात,
आणि दोन्हींना तो तितक्याच अदबीने 'हो' म्हणतो.

'कुठलं पान?' उर्वे विचारते.
फोन सांगतो: चार पानं पाहिली.
चौथं तिचं.
बोटींचं वेळापत्रक. गेल्या हिवाळ्यात तिनेच टाकलेलं,
म्हाताऱ्यांना शोधाशोध नको म्हणून.

ती माऊस दाबून पानावरून ओढते.
वेळापत्रकाखालच्या रिकाम्या जागेत
निळ्या पट्टीवर अक्षरं वर येतात,
काचेवर हाः करावं
आणि कुणाचीतरी बोटं उमटावीत, तशी.
तीन सतरा, नोंद म्हणते.
म्हणजे तो नुसता वाचून गेला नव्हता.

हेल्डुर दोनदा वाचतो.
चष्मा काढून स्वेटरला पुसतो.
'साल्मेची पण होती त्यात.
आजारपणातली.
त्यांना कशाला हवीत ती?'

उर्वेला खरं उत्तर माहीत आहे:
कुणालाच नकोत. ती फक्त गोळा होतात.
हे ती बोलत नाही.
ओळ खोडायला तिचा हात कीबोर्डवर जातो, थांबतो,
पुराव्यासाठी आधी चित्र काढून ठेवायला हवं.

दाराशी पोचलेला म्हातारा मागे वळतो.
'तिकीट चालेल ना पण?'

'चालेल,' ती म्हणते. 'तिकीट खरं आहे.'